घोडी खाते का?

तानाजी जगदाळेने आयुष्याची छत्तीस वर्षं महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर काढली आणि एकदाही घोड्यावर पैसा लावला नाही, हे डोंबिवलीतल्या त्याच्या सोसायटीत कुणालाही पटत नाही. वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांची समजूत एकच: हा माणूस रेसमध्ये सगळं फुंकून बसलाय, नाहीतर म्हातारपणी मुलाच्या वन बीएचकेत हॉलमधल्या दिवाणावर कशाला झोपला असता? तानाजी कुणाची समजूत काढायला जात नाही. तो सईस होता. म्हणजे घोड्याचा खरारा करायचा, पाय चोळायचे, लीद काढायची, दाणा घालायचा आणि रेसच्या दिवशी घोडा हातात धरून लोकांपुढे गोल फिरवायचा. ज्याच्या तोंडात आपण लगाम घालतो त्याच्या पाठीवर आपला पैसा ठेवायचा नाही, हा त्याचा स्वतःचा नियम. तो त्याला कुणी घालून दिला नव्हता, आणि म्हणूनच बहुतेक तो मोडला नाही.

त्याचा एकुलता एक दोस्त मात्र पक्का रेसवाला. अँब्रोज, ठाण्याजवळच्या कोलशेतचा. बापजादे खाडीत जाळी टाकायचे, हा कंपनीत फिटर झाला, आणि कंपनी बंद पडल्यावर पूर्णवेळ रेसवाला. रविवारी सकाळी मिस्सा, दुपारी रेस, या क्रमात त्याने चाळीस वर्षांत कधी बदल केला नाही. देवाकडे सकाळी काय मागायचा हे फादरलाही ठाऊक होतं.

दोघांची ओळख झाली ती कठड्यावर. रेसच्या आधी घोडे पॅडॉकमध्ये फिरवतात. आतल्या बाजूने सईस घोडा घेऊन चालतो आणि कठड्याबाहेर रेसवाले घोड्यांच्या माहितीची पुस्तकं घेऊन उभे. प्रत्येकाला सईसाच्या तोंडून काहीतरी हवं असतं. पण सईसाने घोड्याबद्दल अवाक्षर काढलं तर नोकरीला मुकायची वेळ. तेव्हा तरुण अँब्रोजने पुढे वाकून हळूच विचारलं होतं, "घोडी खाते का?"

आता हा काही गुन्हा नव्हे. घोडी खाते का हे कुणीही विचारावं. तानाजी चालता चालता म्हणाला, "खाते." आणि पुढे गेला.

त्यानंतर वर्षानुवर्षं हाच एक सवाल आणि हाच एक जवाब. अँब्रोज जवाब ऐकतच नसे, तो तानाजीचं तोंड बघायचा. "खाते" म्हणताना डोळे कुठे गेले, शब्द दाताखालून आला की ओठावरून, यावर तो पैसे लावायचा. "तान्या, तू बोलतोस खोटं, पण तुझं थोबाड बोलतं खरं," असं म्हणायचा. तानाजीला आधी याचा राग यायचा. मग सवय झाली. पुढे पुढे कठड्यावर अँब्रोज दिसला नाही तर चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं.

तानाजीच्या हातून घोडे किती गेले याची गणती नाही. पण सईसाला विचाराल तर तो एकच नाव सांगतो, आणि तानाजीचं ते एक नाव म्हणजे मंजुळा.

रेसच्या पुस्तकात तिचं नाव 'नॉर्दर्न पर्ल' होतं. मालकांनी इंग्रजी ठेवलेलं, तोंडात न मावणारं. आली तेव्हा दोन वर्षांची, पावसाळी ढगाच्या रंगाची, अंगावर गोल गोल छटा. दाण्याची बादली वाजली की बाकीचे घोडे तबेला डोक्यावर घेत, ही नुसती घशातल्या घशात काहीतरी पुटपुटायची. म्हणून मंजुळा. मानेच्या डाव्या बाजूला, आयाळीच्या खाली, तिला केसांचे दोन भोवरे होते, एकाला लागून एक. ते बघायला आयाळ उचलावी लागे, आणि आयाळ ती फक्त तानाजीला उचलू द्यायची. पाच वर्षं ती त्याच्याकडे होती. तानाजीची बायको शेवंती तिकडे साताऱ्याकडच्या गावी राहायची, ती हसत म्हणायची, "तुमची धाकटी बरी आहे ना?"

मंजुळा सहा रेस जिंकली. प्रत्येक वेळी फोटो निघाला. फोटोत मालक, मालकीण, मालकांचे पाहुणे, ट्रेनर, जॉकी आणि मध्ये घोडी. सईस फोटोच्या कडेला उभा असतो आणि कडा फ्रेममध्ये बसत नाही. त्यातला एक फोटो दिवाणाच्या वर लावलेला आहे. नात सान्वी तीन-चार वर्षांची असताना विचारायची, "आजोबा, यात तुम्ही कुठे?" मग तानाजी बोट ठेवून दाखवायचा. डाव्या कोपऱ्यात दोरी धरलेली एक मूठ आणि कोपरापर्यंत हात. "हा काय मी."

जिंकलेल्या घोड्याला फोटोनंतर थेट एका वेगळ्या खोलीत नेतात. तिथे त्याचं मूत्र तपासणीला घेतात, कुणी औषध पाजून पळवलं नाही ना हे बघायला. आता घोड्याला काही सांगून कळत नाही की साहेब, डॉक्टर भांडं घेऊन उभे आहेत. म्हणून सईस त्याला लहानपणापासून शिट्टीची सवय लावतो. ताजं गवत पसरलं की हलकी, लांब, खाली खाली उतरत जाणारी शिट्टी. घोडा ऐकतो, पाय फाकवतो आणि मोकळा होतो. तानाजीचा पुढचा एक दात घोड्याच्याच लाथेने गेलेला, त्यामुळे त्याची शिट्टी शेवटी जराशी वर उचलायची. मंजुळा त्या उचललेल्या सुरावरच सुरू व्हायची. डॉक्टर म्हणायचे, "तानाजी, तुझी घोडी एकदम वक्तशीर."

मग तो फेब्रुवारी आला. मुलाचं, संदेशचं लग्न ठरलं, डोंबिवलीच्याच सोनलशी. गावी देवक बसवायचं होतं, गोंधळ घालायचा होता. तानाजीने पंधरा दिवसांची रजा टाकली. निघताना मंजुळाचा पुढचा पाय जरा गरम लागला होता. त्याने बदलीच्या माणसाला दहादा बजावलं, पट्टी बांध, बर्फ लाव, आणि तिच्या कानाला म्हणाला, "आलोच."

परत आला तेव्हा तबेल्यातला तिचा खण रिकामा. धुऊन, चुना मारून स्वच्छ. पायाची शीर गेली होती, पुन्हा पळणार नव्हती, मालकांनी काढून टाकली. कुठे? कुणी म्हणालं पुण्याच्या बाजूला, कुणी म्हणालं शिकाऊ लोकांच्या रायडिंग क्लबात, ट्रेनर म्हणाला, "अरे, तुला दुसरी देतो ना." दुसरी दिली. तिसरीही दिली. तानाजीने त्यांचंही सगळं मनापासून केलं, पण आयाळ उचलून बघायची त्याची सवय त्या दिवशी जी सुटली ती सुटली.

घरी त्याने यातलं काही सांगितलं नाही. काय सांगणार? नवी सून नुकती उंबरठा ओलांडून आलेली. तुझ्या हळदीच्या दिवशी माझी घोडी गेली, असं तिला कुठल्या तोंडाने म्हणायचं? शेवंतीला कधीतरी सांगितलं असतं, पण ती पुढच्याच वर्षी वारली. राहिला अँब्रोज. त्याला सगळं ठाऊक होतं. त्याने तेव्हा मिस्सात मेणबत्ती लावली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ती रेससाठी नव्हती.

या गोष्टीला आता आठ वर्षं झाली. तानाजी निवृत्त होऊन डोंबिवलीत आला. रविवारी कोलशेतला जातो, अँब्रोजच्या गॅलरीत बसून दोघं मोबाईलवर रेस बघतात. अँब्रोज बघतो कोण जिंकलं. तानाजी बघतो घोडे फिरवणारे सईस, आणि रस्त्यात, टीव्हीवर, माथेरानच्या कुणाच्या फोटोत कुठेही घोडा दिसला की त्याचे डोळे मानेवर जातात. एक गोष्ट तो कधी विसरला नाही. करडा घोडा वयाबरोबर पांढरा होत जातो, भोवरे मात्र जन्मभर तसेच राहतात. पंधरा वर्षांची मंजुळा आता दुधासारखी झाली असणार. म्हणजे शोधायची होती ती पांढरी घोडी.

आणि पांढरी घोडी पाहिजे असते कुणाला? लग्नवाल्यांना.

यंदा सोनलच्या धाकट्या भावाचं, ऋतुराजचं लग्न निघालं. हॉल कोलशेतला, त्यामुळे अँब्रोजलाही आमंत्रण. ऋतुराजला घोडीवरूनच यायचं होतं. ती जबाबदारी सोनलने अंगावर घेतली आणि कल्याणच्या एका घोडीवाल्याला ठरवून टाकलं. तानाजीला कुणी विचारलं नाही. अख्ख्या खानदानात घोड्याचं कळणारा तो एकटा, म्हणूनच बहुतेक विचारलं नसावं.

वरात निघायच्या आधी टेम्पोतून घोडी उतरली आणि तानाजीच्या हातातला सरबताचा ग्लास तिथेच राहिला.

मखमली झूल, कपाळावर आरशांची पट्टी, डोक्यावर तुरा, गळ्यात गुडघ्यापर्यंत हार. घोडी अशी नव्हतीच दिसत, नुसते चार पाय आणि दोन कान दिसत होते. पण तेवढं पुरे होतं. वरातीच्या घोड्या बहुतेक काठेवाडी, त्यांचे कान टोकाला एकमेकांकडे वळलेले. हिचे कान सरळ होते. पाय लांब, सुके, गुडघ्याखाली चपटे. ही रेसची घोडी होती. आणि उभी होती ती मागचा डावा पाय सैल सोडून, मंजुळा उभी राहायची तशीच.

"अँब्रोज," तानाजी म्हणाला, "बघितलंस?"

"बघितलं. रेसची आहे, शंभर टक्के. पण तान्या, डोक्यात काय घेऊ नकोस हां. रेसच्या किती घोड्या या लायनीत येतात."

"मान बघायला पाहिजे."

"मानेवर हार आहेत, झूल आहे, वर सोनलचा भाऊ बसायचाय. वरात संपू दे, मग बघ आरामात."

शहाणपणाचं बोलणं होतं. तानाजीने मान डोलावली. ऋतुराज वर चढला, बँडने सूर धरला, सोनलचे मामा रुमाल दातात धरून घोडीच्या मागेच नाचायला लागले. तानाजी कडेने चालत राहिला. त्याने मनाशी पक्कं ठरवलं होतं की थांबायचं. आठ वर्षं थांबलो, अर्धा तास काय जड आहे? पण तो अर्धा तासच आठ वर्षांपेक्षा जड झाला. कोपऱ्यावर बँड दम घ्यायला थांबला, घोडी त्याच्यापासून चार हातांवर उभी होती, आणि तिचा एक कान त्याच्या बाजूला वळला. तानाजीचे ओठ आपोआप जवळ आले. आपोआप असं तो अजून म्हणतो. अँब्रोज म्हणतो, साफ खोटं आहे.

हलकी, लांब, खाली उतरत जाणारी आणि शेवटी जराशी वर उचललेली.

घोडीने दोन्ही कान ताठ केले. पुढचे पाय पुढे सरकवले, मागचे फाकवले, पाठ खाली दाबली. ऋतुराजने फेटा आणि खोगीर दोन्ही एकाच वेळी पकडलं. आणि मग जी धार सुटली ती सुटली. टँकरचा पाईप निसटावा तशी. मामांची नवी कोरी मोजडी, व्हिडिओवाल्याची पँट, रस्त्यावरच्या गुलाबाच्या पाकळ्या, सगळं धुऊन निघालं. बँडवाल्यांपैकी एकाने हसू दाबायला तोंडाला ट्रंपेट लावलं आणि त्यातून भलताच सूर निघाला. ऋतुराज वर बसून कुणाकडे बघावं ते न कळून सरळ समोर बघत होता.

"आजोबांनी शिट्टी मारली! मी बघितलं!" सान्वीने टाळ्या पिटल्या.

सगळे तानाजीकडे वळले. तानाजी भर रस्त्यात रडत होता. सोनलने एकदा सासऱ्याकडे, एकदा भावाकडे आणि एकदा मामांच्या मोजडीकडे बघितलं, आणि ती काही बोलली नाही. हे वाईट लक्षण होतं.

वरात कशीबशी हॉलच्या दारात पोचली. नवरदेव उतरला तसा घोडीवाल्याने तिला टेम्पोत चढवलं, त्याला माजिवड्याला दुसरं लग्न होतं. तानाजी धावत गेला तेव्हा फळी वर उचलली गेली होती.

"तीच होती," तो धापा टाकत अँब्रोजला म्हणाला. "माझ्या शिट्टीवर थांबली. बघितलंस ना तू?"

अँब्रोज म्हणाला, "रागवू नको, तान्या. पण शिट्टी सगळेच सईस मारतात. रेसची कुठलीही घोडी थांबली असती. तुझी शिट्टी काय एकट्या तुझी आहे?"

हे तानाजीला ठाऊक नव्हतं असं नाही. छत्तीस वर्षं सकाळी अख्खा तबेला शिट्ट्यांनी भरून जायचा. फक्त हे दुसऱ्या कुणी बोलायला नको होतं.

दोन दिवस सोनल जेवायला वाढत होती आणि बोलत नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी संदेश कामाला गेल्यावर तिने चहाचा कप ठेवला आणि समोर बसली. "बाबा, आता सांगा. माझ्या भावाच्या वरातीत असं का केलंत? माझ्या माहेरचे लोक हसतायत सगळे."

तानाजीने सांगितलं. मंजुळापासून सांगितलं. भोवरे सांगितले, बादली सांगितली, गरम लागलेला पाय सांगितला. रजेपाशी आला आणि अडला. पण सोनल हिशोबाला पक्की.

"कुठल्या साली गेली ती?"

"झाली आता आठ वर्षं."

"फेब्रुवारीत?"

तानाजीने कपातल्या चहाकडे बघितलं.

"आमच्या लग्नात?" सोनलचा आवाज बारीक झाला. "आठ वर्षं मी या घरात आहे, आणि हे पोटात ठेवलंत? मला वाटायचं, तो घोडीचा फोटो बघत बसता ते जुने दिवस, आई आठवतात म्हणून." ती उठून आत गेली. आता ही आत जाऊन रडणार, असं तानाजीला वाटलं. ती बाहेर आली ती स्कूटीची चावी घेऊन. "घोडीवाल्याचा नंबर आहे माझ्याकडे. चला."

कल्याणला खाडीच्या अंगाला, पत्र्याच्या शेडमध्ये चार घोड्या बांधल्या होत्या. घोडीवाल्याला सगळे भाऊ म्हणत. पन्नाशीचा, पोट सुटलेला, बोलायला मोकळा माणूस. तानाजीला बघून आधी तो हसलाच. "अहो काका, ती विद्या मला पण शिकवा. हिला टेम्पोतून उतरवून मोकळी करायला मी अर्धा अर्धा तास उभा असतो."

"कुठून आणलीत हिला?" सोनलने विचारलं.

"पुण्याकडून एकाने घेतली, त्याच्याकडून दुसऱ्याने, मग मी. कागद कुठे असतात या धंद्यात, ताई? आम्ही राणी म्हणतो."

झूल नव्हती, आरसे नव्हते. नुसती घोडी. पांढरी, जरा पोटाला बसलेली, गुडघ्यांवर जुने डाग. तानाजी तिच्या डाव्या बाजूने गेला. सईस नेहमी डाव्या बाजूनेच जातो. तळवा आधी खांद्यावर ठेवला, तो तिथे थोडा वेळ राहू दिला. मग मानेवर सरकवला. मग आयाळ उचलली.

मान साफ होती. केस वरपासून खालपर्यंत एका दिशेने पडले होते. त्याने बोटं फिरवून बघितलं, थुंकी लावून बघितलं, दुसऱ्या बाजूला जाऊन तिथेही बघितलं. मनाची समजूत म्हणून पुन्हा डाव्या बाजूला आला. भोवरा नव्हता. एकही नव्हता.

घोडी मान वळवून त्याच्याकडे बघत होती. ही कुणाची तरी होती. कुणीतरी हिच्या कानाला "आलोच" म्हणून रजेवर गेला होता. तो कुठल्या गावात, कुठल्या दिवाणावर बसून रस्त्यावरचे घोडे बघत असेल? आणि खरी मंजुळा कुठल्या शेडमध्ये असेल? असेल का तरी? तिथे कुणी तिची आयाळ उचलत असेल का? तानाजीने घोडीच्या मानेवर कपाळ टेकवलं.

"बाबा?" मागून सोनल म्हणाली. ओढणीचं टोक तिने दोन्ही हातांत पिळून धरलं होतं. "तीच आहे ना, बाबा?"

तानाजीने आयाळ खाली सोडली, हाताने नीट बसवली.

"हो गं," तो म्हणाला. "तीच आहे."

सोनलने तिथेच, लिदीच्या वासात, दोन्ही हात जोडले आणि ती मोठ्यांदा रडली. भाऊने तोंड फिरवून डोळे पुसले. तानाजीने कोपऱ्यातला खरारा उचलला. किती दिवसांत धुतला नव्हता कुणास ठाऊक. "हे असं ठेवतात का?" तो भाऊवर खेकसला आणि सदऱ्याच्या बाह्या वर करून कामाला लागला.

तेव्हापासून दर गुरुवारी आणि रविवारी सकाळी तो कल्याणला जातो. सोनल डब्यात गूळ आणि गाजरं भरून देते. सोसायटीत तिने सगळ्यांना सांगितलंय, बाबांची घोडी सापडली. आता जिन्यात लोक तानाजीला थांबवून घोडीची खुशाली विचारतात, आणि तो ती सांगतो.

अँब्रोजकडे जायला मात्र त्याने तीन रविवार टाळले. चौथ्या रविवारी गेला. गॅलरीत दोन खुर्च्या मांडलेल्याच होत्या, मोबाईलवर पहिल्या रेसचे घोडे पॅडॉकमध्ये फिरत होते. तानाजी बसला. अँब्रोजने मोबाईल बाजूला ठेवला आणि त्याच्या तोंडाकडे बघितलं. कठड्यावरून बघायचा तसंच, नीट, वेळ घेऊन. सोनलचा फोन त्याला आलेला होता, घोडी सापडल्याचं त्याला ठाऊक होतं. भोवऱ्याबद्दल विचारायला त्याने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

मोबाईलमध्ये घंटा झाली. घोडे सुटले. दोघांपैकी कुणीच तिकडे बघितलं नाही.

"घोडी खाते का?" अँब्रोजने विचारलं.

"खाते," तानाजी म्हणाला.